तयार न्हाई

“चालतंय म्हंजे तयार न्हाई,” असं म्हणून ताई कीबोर्ड पुढे सरकवायची आणि हाताची घडी घालून बसायची. मग तिला हलवणं कोणाच्या बापाला जमायचं नाही.

ताई लोणी गावची. नारायणगावातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात तिचं टेबल माझ्या शेजारी होतं. गावोगावच्या दूध केंद्रांवरून दुधाचा आकडा फोनच्या तारेने आमच्या सर्व्हरवर यायचा आणि त्यावरून टँकर सुटायचे. एका केंद्राची लाइन अडकली की मागची सगळी खोळंबायची. म्हणून साहेबांनी इंटरनेटवरून एक नवी लायब्ररी आणली. तो आयता प्रोग्रॅम एकासाठी अडून न राहता सगळ्यांचं एकदम ऐकायचा. आम्ही खूश.

ताई ती तपासायला येडगावच्या केंद्रावर गेली आणि आकडा अर्धा गेला असताना फोनची वायर उपटू लागली, सकाळभर. तुटलेली कनेक्शनं लायब्ररी सोडतच नव्हती. ती साठत गेली आणि शेवटी सर्व्हरने नवं कनेक्शन घेणंच बंद केलं.

मुद्दाम वायर कोण उपटतं, असं साहेबांनी विचारलं.

“आमच्याकडं वारा उपटतो, साहेब.”

तरीही केंद्रचालकांच्या बैठकीत साहेबांनी सोमवारपासून सुरू, असं जाहीर केलं. ताई उभी राहिली. हे अडकलं तर टँकर यायचा नाही, दूध नासेल, असं तिने सगळ्यांदेखत सांगितलं. साहेब भडकले. नोकरीवरून काढायची भाषा केली, वर तिच्या गावाकडच्या बोलीवरही घसरले.

“काढा. तरी माज्या तोंडून व्हय निगायचं न्हाई.”

तिला त्या कामावरून हटवलं आणि लायब्ररी सुरू झाली. ताईने मोपेड काढली. बेल्ह्यापर्यंत केंद्राकेंद्रावर सांगत गेली की टँकर दिसला नाही तर वाट बघू नका, आकडा घेऊन मोटरसायकलवर माणूस ऑफिसात पाठवा. त्याच आठवड्यात वाऱ्याने लाइनी तुटत राहिल्या आणि सर्व्हर गप्प झाला. माणसं धावली म्हणून दूध वाचलं.  मग ते काम गुपचूप ताईच्या टेबलावर परत आलं.

तिने चूक शोधून दुरुस्ती लायब्ररीवाल्यांना पाठवली. त्यांनी नाकारली. ती भांडत राहिली, घ्यायला लावली. मगच तिने साहेबांना होकार दिला.

पुढे ती पुण्याला गेली. तिच्या जागी हुशार इंजिनिअर आला. झालं का, असं साहेब विचारतात. तो लगेच हो म्हणतो. साहेब गाडीची किल्ली उचलतात आणि स्वतःच केंद्रावर जाऊन वायर उपटून बघतात.