मागची सीट

पाठीमागे ताईला सगळे ‘दाभण’ म्हणायचे आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? दाभण जाड रेक्झिनमधून आरपार जायचं आणि ताईचं बोलणं माणसातून. तोंडावर मात्र गिऱ्हाइकं ‘ताई, ताई’ करत यायची, कारण तिच्यासारखी शिवण आसपास कुणाची नव्हती. आत भुसभुशीत फोम भरून वर चकचकीत कव्हर चढवून द्या म्हणणाऱ्याला ती दारातूनच वाटेला लावायची. “बूड तुझं असेल, पण शिवण उसवली की नाव माझं निघतं,” म्हणायची. लग्न तिने केलं नव्हतं. का नाही केलं, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

पत्र्याची एकच शेड होती. अर्ध्या शेडीत ताईचं मशीन, फोमचे थर आणि कापडाचे गठ्ठे. उरलेल्या अर्ध्यात धाकट्या भावाचं गॅरेज. मधे भिंत नव्हती. ऑइलचे हात कापडाला लागू नयेत म्हणून ताईने जमिनीवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली होती, आणि धाकटा ती रेघ दिवसातून दहादा ओलांडून दहादा शिव्या खायचा. आई गेली तेव्हा तो जेमतेम अर्ध्या चड्डीत होता. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून पाना हातात देण्यापर्यंत सगळं ताईने केलं होतं. तेव्हा त्याच्यावर ओरडायचा हक्क आपला, असं ती मानायची, आणि हा हक्क तिने कधी वाया घालवला नाही.

तर या धाकट्याला चांगली नोकरासारखी राबणारी गाडी होती, गोड बायको होती, भिंगरीसारखी घरभर फिरणारी म्हणून भिंगरी म्हटली जाणारी मुलगी होती, आणि एवढं सगळं असून त्याच्या डोक्यात शर्यतीचं खूळ शिरलं. शहराबाहेर एक सरळसोट धावपट्टी होती. तिथे सुट्टीच्या दिवशी दोन-दोन गाड्या शेजारी उभ्या राहायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायच्या आणि शिंक येऊन जाईपर्यंत दुसऱ्या टोकाला पोचायच्या. वळण नाही, चढ नाही, काही नाही.

“यात गाडी चालवायची कुठे?” ताईने विचारलं होतं. “ही तर नुसती सोडायची.”

“तुला नाही कळायचं, ताई.”

“बरोबर आहे. अक्कल असली की नाहीच कळत.”

धाकट्याची गाडी ज्या गटात धावायची तो रोजच्या वापरातल्या गाड्यांचा गट होता. खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांना त्यात प्रवेश नव्हता. त्यामुळे या गटातल्या लोकांचा सगळा तोरा एकाच गोष्टीचा: बघा, आमची गाडी साधी, रस्त्यावरची. धाकटा तर छाती फुगवून सांगायचा, “सकाळी याच गाडीतून पोरीला शाळेत सोडतो आणि दुपारी याच गाडीने भल्याभल्यांना मागे टाकतो.” त्याच्या बढाईत पोरगी होती म्हणून पोरगी गाडीत असायलाच हवी होती. शाळा चालत जाण्याइतकी जवळ होती, तरी तो तिला गाडीतूनच सोडायचा. ताईला या गोष्टीचा राग आधीपासून होता, पण तेव्हा तो राग लहान होता.

इंजिनाची ताकद वाढवायला खिसा लागतो. वजन कमी करायला नुसता पाना पुरतो. धाकट्याने पाना घेतला. आधी स्टेपनी आणि जॅक गेला. मग कार्पेट. कार्पेटखाली आवाज दाबायला डांबरासारखा थर असतो, त्यावर बर्फाच्या कारखान्यातून आणलेला कोरडा बर्फ पसरून त्याने तो थर ठिसूळ केला आणि हातोडीने टवके पाडत उडवला. मग दारांच्या आतलं अस्तर, छताचं कापड, हीटर. बायकोचा स्वयंपाकघरातला वजनकाटा त्याने गॅरेजमध्ये आणून ठेवला आणि काढलेला एकेक तुकडा त्यावर ठेवून तो लहान मुलासारखा खूश व्हायचा. घरी बायको पीठ अंदाजाने घ्यायला लागली. काच धुवायच्या पाण्याची बाटलीसुद्धा त्याने रिकामी केली. त्याचा मित्र, गाड्या रंगवणारा रंगारी, रोज संध्याकाळी येऊन उकिडवा बसायचा आणि “अजून हे काढता येईल बघ,” असं सुचवत राहायचा. दोघांची पोटं चांगली सुटलेली होती. ती काढता येतील असं कुणालाच सुचलं नाही.

ताईला हे बघवत नव्हतं. जे जे धाकटा उपटून बाहेर फेकत होता ते तिचंच काम होतं. बसायला मऊ, पायाला ऊब, कानाला शांतता, हे गाडीत घालण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, आणि हा दीडशहाणा त्याला ‘मेलेलं वजन’ म्हणत होता. एकदा तिने कार्पेटची गुंडाळी उचलून त्याच्या अंगावर फेकली. तो हसला. त्या हसण्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटी मागची सीट निघाली.

“आणि भिंगरी कुठे बसेल?” ताईने मशीन थांबवलं.

“तिच्यापुरती एक हलकी गादी शिवून दे ना. शर्यतीच्या दिवशी काढून ठेवीन.”

“पट्टे?”

“सीटबेल्ट ना? आहेत. काढून ठेवलेत. चार बोल्ट तर असतात, केव्हाही लावता येतात.”

ताई आठवडाभर नाही म्हणत राहिली. आठवडाभर भिंगरी नागड्या पत्र्यावर बसून शाळेत गेली आणि एका संध्याकाळी आत्याला म्हणाली, “आत्या, गाडीत बूड भाजतं.” मग ताई काय करणार? तिने गादी शिवली. भिंगरीने स्वतः निवडलेलं पिवळं कापड वर, कडेला गोट, आणि पत्र्याची घाण लागू नये म्हणून खालून रेक्झिन. सुबक झाली होती. भिंगरीने तिच्यावर बसून शेडीतच उड्या मारल्या.

चार दिवसांनी गाडीपुढे एक सायकलवाला आला. धाकट्याने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. हलकी गाडी थांबतेही पटकन. गादी मात्र थांबली नाही. गुळगुळीत रेक्झिन गुळगुळीत पत्र्यावरून पोरीसकट घसरलं आणि पुढच्या सीटच्या उघड्या लोखंडी पाठीवर भिंगरीचं तोंड आपटलं. हनुवटी फाटली. पुढचा एक दात गेला.

दवाखान्यात ताई पोचली तेव्हा टाके घालून झाले होते. भावजय पोरीला पोटाशी धरून बसली होती आणि धाकटा भिंतीला टेकून रडत होता. ताईने त्याला रडू दिलं. त्याच्यापेक्षा तिला त्या क्षणी स्वतःचा राग जास्त आला होता. रेक्झिन पत्र्यावर घसरतं हे शिकाऊ पोरालाही कळतं. इतकी वर्षं शिवून तिला ते कळलं नव्हतं असं नाही. पोरीचं कौतुक आणि भावाची भुणभुण यांत तिने ते बाजूला ठेवलं होतं. ती गादी तिने परत आणली, कात्रीने उभी फाडली आणि कुणाशी न बोलता घरी गेली.

धाकट्याने दुसऱ्याच दिवशी मागची सीट परत बसवली. “पट्टे लावलेस?” ताईने विचारलं. “लावले गं बाई,” तो म्हणाला. भिंगरी टाके निघेपर्यंत घरीच होती. ताईला वाटलं, चला, ठेच लागल्यावर का होईना, गाढव शहाणं झालं. तिने त्या सीटला वर्षानुवर्षं टिकेल असं जाड, नवं कव्हर शिवून दिलं.

पुढच्या शर्यतीच्या दिवशी सकाळी ती शेडीत आली तर सीट तिच्या मशीनला टेकवून उभी केलेली होती. रेघेच्या अलीकडे. नव्या कव्हरला ऑइलचा अख्खा पंजा उमटला होता.

ताईने कुलूप लावलं आणि थेट धावपट्टीकडे जाणारी बस पकडली. तिथे ती आयुष्यात कधी गेली नव्हती. धूर, जळक्या टायरांचा वास, कान किटवणारा आवाज. तिला सगळ्याचाच संताप आला. रांगेत धाकट्याची गाडी तिसरी होती. ताईने मागचं दार उघडलं, आत चढली आणि पत्र्यावर मांडी ठोकून बसली.

“ताई! तू इथे? उतर, माझी पाळी आलीय.”

“मग पळव की. मी बसलेय.”

“अगं, मागे बसून नाही चालत.”

“का? तुझी पोरगी बसायची, तेव्हा चालत होतं ना?”

आजूबाजूचे लोक जमले. कुणीतरी हसलं. रंगारी पुढे होऊन म्हणाला, “ताई, तमाशा कशाला? आजच्या दिवसापुरती काढलीय. उद्या परत लावणारच आहे तो.”

“तू गप्प बस. तुझं पोट काढून ठेव आधी, मग सीटा काढायला सांग.”

झेंडा घेतलेला माणूस आला. चालकाशिवाय कुणी आत असेल तर गाडी सोडता येणार नाही, असं त्याने धाकट्याला बजावलं. धाकटा रडकुंडीला आला. “ताई, पाया पडतो तुझ्या.”

“पाया नको पडूस. एवढा नियम असेल तर पट्टा लावून बसते. कुठेय तो?” असं म्हणत ताईने मागे हात घातला. पट्टा ज्या जाड कडीला अडकतो ती कडी कुठे असते, हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. असल्या शेकडो सीटा तिने काढल्या-घातल्या होत्या. हात नेमक्या जागी गेला. तिथे कडी नव्हती. बोल्टाचं भोकही नव्हतं. ग्राइंडरने कापलेली धारदार कड होती, आणि त्या कडेने ताईचं बोट कापलं. तिने दुसऱ्या बाजूला हात घातला. तिथेही तेच.

ताई खाली उतरली. बोटातून रक्त गळत होतं.

“हे कापलंयस तू,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून धाकटा जास्त घाबरला. “लावतो, काढतो, चार बोल्ट. सगळं खोटं. लावणार कशाला होतास रे? गोंदाने?”

धाकटा मागचं दार लावायला पुढे झाला.

“किती भरलं वजन? काट्यावर ठेवलं असशीलच.”

“ताई, घरी बोलू.”

“किती भरलं?”

“अर्धा किलो,” तो पुटपुटला. “दोन्ही मिळून.”

कुणी हसलं नाही. रंगाऱ्याने मान खाली घातली. त्यालाही हे माहीत नसावं, किंवा माहीत असेल. ताईने ते विचारलं नाही. “जा,” ती भावाला म्हणाली. “पळव आता. तुला कुणी अडवलेलं नाही.”

आणि तो पळाला! याचा राग ताईला जन्मभर पुरला असता. तो गाडीत बसला, दिवा हिरवा झाला आणि तो सुटला. शेजारच्या गाडीला त्याने सहज मागे टाकलं. परत येऊन बघतो तर ताई निघून गेली होती.

घरी जाऊन तिने भावजयीला सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता. “त्याचा छंद आहे, जाऊ दे,” असं नेहमी म्हणणारी भावजय त्या दिवशी तसं म्हणाली नाही. ती उठली, शेडीत गेली आणि आपला वजनकाटा घरी घेऊन आली. त्या आठवड्यात ती नवऱ्याशी पोरीच्या औषधापलीकडे एक शब्द बोलली नाही.

धाकट्याने शर्यतीत नाव द्यायचं थांबवलं. जाड पट्ट्या आणून त्याने वेल्डिंग केलं, कड्या बसवल्या, नवे पट्टे, मागची सीट, कार्पेटसुद्धा. गाडी आता पहिल्यापेक्षा जड झाली होती. मग तो ताईपुढे येऊन उभा राहिला. “बघून घे एकदा.”

“मी कशाला बघू? तू मागे बस. चालवते मी.”

तो बसला. पट्टा लावला. ताईने गाडी मोकळ्या रस्त्यावर काढली, वेग घेतला आणि काहीही न सांगता ब्रेकवर उभी राहिली. पट्ट्याने धाकट्याला छातीशी आवळून धरलं. ताईने वळून बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने गाडी वळवली आणि पुन्हा एकदा तेच केलं. दुसऱ्या वेळची गरज नव्हती. राग होता म्हणून केलं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “आता पोरीला बसव.”

सोमवारी सकाळी धाकट्याने गाडी धुऊन दारात लावली. त्याने मागचं दार उघडून धरलं. “ये गं भिंगरी. बघ, आत्याने किती छान सीट शिवलीय. पट्टापण आहे.”

भिंगरी दप्तर घेऊन बाहेर आली. तिने सीटकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं. मग ती दोन पावलं मागे सरकली आणि आत्याच्या साडीआड गेली.

“मला नाही बसायचं, बाबा.”

“अगं, आता काही होणार नाही. मी स्वतः बसून बघितलंय.”

“मागेपण तू असंच म्हणाला होतास.”

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ताईने तर नाहीच. धाकट्याने ताईकडे बघितलं, लहानपणी काही मोडलं की बघायचा तसं, आता तू काहीतरी कर म्हणून. ताईच्या तोंडाशी शंभर शब्द आले होते. इतके दिवस ती त्याला असंच कुणीतरी जागेवर आणावं म्हणून तळमळत होती, आणि आता एवढ्याशा पोरीने ते केलं तर तिला जराही बरं वाटेना. उलट सगळा राग नव्याने उसळला, की हे या पोरीला म्हणावं लागलं.

“दार लाव,” ती भावाला म्हणाली. “शाळेला उशीर होतोय.”

तिने भिंगरीचं दप्तर खांद्याला अडकवलं, तिचा हात धरला आणि दोघी चालत निघाल्या.