नावापुढचा हिरवा ठिपका

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा कंपनीने मला उंद्रीहून, गावच्या घरून काम करायची परवानगी दिली. अट एकच होती, लॅपटॉपवर माझ्या नावापुढचा ठिपका हिरवा राहिला पाहिजे. काही मिनिटं हात थांबला की तो पिवळा व्हायचा आणि तेवढा वेळ गैरहजेरीत धरला जायचा. म्हणून बाबांची कूस बदलायला उठताना मी आईला खुर्चीवर बसवायचे.

"जाय तू, मी माउस हालवत राह्यते," ती म्हणायची आणि श्वास रोखून बसायची. लाईट जाऊन नेट तुटलं की ओरडायची, "पिवळं झालं वं!"

वार्षिक आढाव्याच्या कॉलवर साहेब म्हणाले की काम वेळेवर आहे, ग्राहकांची तक्रार नाही. तरी श्रेणी सगळ्यांत खालची.

"सर, मी काय करायला हवं होतं?"

"खरं सांगू? मलाही माहीत नाही. प्रत्येक टीममधून एकाला खाली दाखवावंच लागतं, आणि तू ऑफिसात दिसत नाहीस."

चूक सांगितली असती तर सुधारली असती. दारात उभ्या आईने विचारलं, "माह्यामुळं तर नाही झालं ना?"

मी नाही म्हणत मान हलवली. तिच्या खांद्यावर डोकं टेकून मी रडले. आत बाबा कण्हले.

"तू बस, त्याईले मी पाह्यते," आई म्हणाली.

मी डोळे पुसले आणि पुन्हा कामाला बसले. दुसरं काय करणार होते?