भाऊराव काकांचं कार्ड

हे मी घरी नवऱ्यालाही बोलले नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीटसं कळत नाही.

पुलगावला माजी सैनिकांच्या दवाखान्यात मी कॉम्प्युटरवर बसते. आमची सिस्टीम म्हणजे काय सांगू! कधी कार्ड वाचत नाही, कधी अंगठा घेत नाही, कधी सर्व्हरच झोपतो. म्हातारे फौजी रांगेत ताटकळतात आणि बोलणी खाते मी. पण निवृत्त हवालदार भाऊराव काका कधी चिडले नाहीत. खिडकीशी आले की नमस्काराच्या आधी आपला फौजेतला नंबर खणखणीत म्हणायचे, मग खिशातून माझ्यासाठी बोरं काढायचे. फार जीव आहे माझा त्यांच्यावर. म्हणून तर हे जड जातं.

त्यांच्या गावात त्याच नावाचे आणखी एक हवालदार होते. ते वारले. त्यांची बायको कळवायला आली, पण बिचारीला नवऱ्याचा नंबर सांगता येईना. फौजेत एका नावाचे ढीगभर असतात. नंबर पाहिल्याशिवाय काही करायचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. पण जेवणाची वेळ झालेली, सर्व्हर नुकताच उठलेला — परत पडला तर? मी नाव टाकलं आणि जो पहिला हवालदार समोर आला त्याला मयत केलं. ते भाऊराव काका होते.

पुढच्या खेपेला त्यांचं कार्ड चालेना. मला त्याच क्षणी कळलं. पण तोंडातून काय निघालं? सिस्टीमचा घोळ आहे, काका, तुम्हाला मयत दाखवतेय.

ते खदखदून हसले. "सीमेवर नाई मेलो, अन् इथं कॉम्प्युटरनं मारून टाकलं न मले!"

काकूंना काचबिंदू होता. ऑपरेशनसाठी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी याच कार्डावर मिळणार होती. 'चूक माझी' असं वर कळवलं असतं तर काम पटकन झालं असतं. मी 'तांत्रिक बिघाड' कळवला — आणि बिघाडाच्या तक्रारींचं आमच्याकडे काय होतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? नोकरी जाईल म्हणून भ्याले. 'होईल हो या आठवड्यात,' म्हणत राहिले. काका हुकूम ऐकावा तसं ऐकून घरी जायचे. एकदा रांगेतले माझ्यावर ओरडले, तर तेच मध्ये पडले. "पोरीले काऊन बोलता? हे मशीनच बयाड हाय!" तेव्हा तरी बोलायला नको होतं का मी?

शेवटी वरच्या कोणाच्या तरी लक्षात आलं आणि कार्ड सुरू झालं. ऑपरेशनही झालं. पण तोवर काकूंच्या एका डोळ्याची नजर कायमची गेली होती.

नंतर काकू मुद्दाम मला भेटायला आल्या. चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लई धावपळ केली माय तुनं आमच्यासाठी."

मी वाकून पाया पडले. तेव्हाही बोलले नाही.