नुबियाच्या वाट्याची वीट

आमच्या बाबांनी वीस एकरांची वाटणी केली तेव्हा वरचे दहा एकर मला मिळाले, घरासकट आणि विहिरीसकट. खालचे दहा एकर माझ्या धाकट्या बहिणीला, नुबियाला. त्या खालच्या जमिनीला अख्खं ताला गाव 'वीट' म्हणायचं. बाबांनी तिथं तीस वर्षं साखरेसाठी बीट घेतलं, दर वर्षी नांगरून नांगरून. शेवटी जमीन इतकी टणक झाली की उन्हाळ्यात कुदळ मारली तर मनगटापर्यंत झिणझिण्या यायच्या. मी थोरला, म्हणून मला चांगलं. तेव्हा मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. नंतर त्याची लाज वाटली, पण लाज वाटून जमीन मऊ होत नाही.

मी वाल्देमार. आमच्या पंचक्रोशीत नांगरट कुणाची सरळ, असं विचारलंत तर लोक माझ्याच घराकडे बोट दाखवतील. माझ्या शेतात पेरणीआधी काडीसुद्धा दिसणार नाही. आणि कुंपणापलीकडे माझ्या सख्ख्या बहिणीचं शेत म्हणजे आठवडाभर न विंचरलेलं डोकं.

सहा वर्षांत तिनं त्या जमिनीला नांगर लावला नव्हता. हिवाळ्यात ओट पेरायची, त्यात रानवाटाण्याचे वेल सोडायची. वसंतात सगळं छातीएवढं वाढून फुलोऱ्यावर आलं की जड ओंडका फिरवून आडवं पाडायची आणि त्या गवताच्या गादीतच भोकं पाडून भोपळा, टोमॅटो लावायची. पाच गायी होत्या. त्यांची झटक्याची तार ती रोज सकाळी दहा पावलं पुढं सरकवायची, म्हणजे गायींना रोज नवं ताट. गायी गेल्या की तीन दिवसांनी त्याच जागी कोंबड्या, चाकांवरच्या खुराड्यातून. कोंबड्या शेणातले किडे वेचायच्या आणि शेण आपसूक पसरायचं.

ते खुराडं सोमवारी हलवायचं असायचं. ती आणि तिचा नवरा एल्बिओ, दोघं मिळून घामाघूम होऊन ते ढकलायची. मी माझ्या पायरीवर, बगलेत गरम पाण्याचा थर्मास धरून, येरबाचा कडू चहा ओढत तमाशा बघायचो.

"काय गं, आज कोंबड्यांची बदली कुठल्या खात्यात?" मी ओरडायचो.

"तुझ्या खात्यात नाही, दादा! तिथं बिचाऱ्यांना एक किडा मिळायचा नाही!"

मंगळवार-बुधवार रोपांत जायचे, गुरुवारी खताचा ढीग उलटायचा, त्याची वाफ माझ्या खिडकीपर्यंत यायची. शुक्रवारी दोघं अंधार पडेस्तोवर वाटाणा आणि आर्टिचोकची बोंडं तोडायची, शनिवारी ताल्याच्या बाजारात गाडीच्या मागच्या फळीवर विकायची. रविवारी मात्र नुबिया काही म्हणजे काही करायची नाही. पायात चपला अडकवून नुसती शेतात हिंडायची आणि मधेच वाकून माती हुंगायची. लोक मला विचारायचे, बहीण बरी आहे ना?

एल्बिओ मात्र थकला होता. तो मुळात अबोल. दिवसाला त्याची दहा वाक्यं मोजली तरी जास्त भरतील. त्याच्या भावानं राजधानीत, मोन्तेविदेओत, एका इमारतीत पहारेकऱ्याची जागा बघून ठेवली होती, आणि निलगिरी लावणारी एक कंपनी 'वीट' बारा वर्षांसाठी भाड्यानं घ्यायला तयार होती. नुबियानं एवढंच मागितलं होतं, हा वसंत बघू. आमच्याकडे विषाशिवाय पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा एक गट आहे. ते एकमेकांच्या शेतावर जातात, माती बघतात आणि पसंत पडलं तर शिक्का देतात. तो शिक्का असला की दोन शाळांच्या स्वयंपाकघरांना वर्षभर भाजी घालता येते. गेल्या वसंतात गटानं 'अजून नाही' असं सांगितलं होतं. या ऑक्टोबरात, म्हणजे आमच्याकडच्या वसंतात, ते पुन्हा येणार होते. शिक्का मिळाला तर राहायचं, नाही तर निलगिरी आणि मोन्तेविदेओ. दोघांचं तसं ठरलं होतं.

गट रविवारी येणार आणि त्याच्या आठ दिवस आधीच्या शनिवारी मी माती खाल्ली.

मला खरंच वाटलं होतं की मी मदत करतोय. नुबिया आणि एल्बिओ बाजाराला गेलेली. मी कुंपणातून बघितलं, तर ते गबाळं शेत, लोळलेलं गवत, शेणाचे पो. मनात आलं, चार गावची माणसं येणार, बाबांच्या नावाचं शेत बघणार, आणि असं? माझ्याच अंगाला घाण लागल्यासारखं झालं. ट्रॅक्टरला तव्याचा नांगर जोडला, फाटक उघडलं आणि आत घुसलो. चार पट्टे झाले. काय सुरेख झाले होते! दोरीत आखल्यासारखे. पाचव्या पट्ट्याला एक टिटवी केकाटत माझ्या डोक्यावर झेपा घ्यायला लागली. टोपी उडवली तिनं माझी. खाली उतरून बघतो तर गवतात तिची चार अंडी. ती ओलांडून कसं जावं याचा विचार करत मी उभा होतो, तेवढ्यात नुबियाची गाडी आली.

ती धावत आली आणि उलट्या मातीपाशी गुडघ्यांवर बसली.

"दादा, हे काय केलंस?"

"साफ केलं. पाहुणे येणारेत ना? शेत कसं शेतासारखं दिसायला नको का?"

"पाहुणे हेच बघायला येणार होते रे!" तिचा आवाज फुटला. "एक वर्षभर जमीन उलटवलेली नसावी, असा नियम आहे त्यांचा. सहा वर्षं झाली, दादा. सहा वर्षं!"

मी म्हटलं, वरून गवत पसरू, कुणाला कळणार आहे. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. "मी सांगणार त्यांना," ती म्हणाली, आणि घरात गेली. एल्बिओनं माझी टोपी उचलून दिली, आणि ते मला जास्त लागलं.

बुधवारी धो धो पाऊस झाला. पाऊस पडला की आमच्याकडे घरोघरी चरबीत पुऱ्या तळतात, आणि नुबियाकडून माझ्याकडे पहिली ताटली यायची, हे वर्षानुवर्षांचं. त्या दिवशी मी खिडकीशी संध्याकाळपर्यंत बसलो. ताटली आली नाही.

रविवारी गट आला. पाच माणसं, आणि त्यांची म्होरकी झुल्माबाई, चीज करणारी, सत्तरीची, आवाज फाटक्या कर्ण्यासारखा. मी बोलावणं नसताना गेलो. नुबियानं तोंड उघडायच्या आधी मीच पुढं झालो.

"हे चार पट्टे मी नांगरलेत. तिला न विचारता. चूक माझी आहे, तिच्या शेताला तिची शिक्षा देऊ नका."

झुल्माबाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सरळ नांगरलंयस हो," ती म्हणाली. "आणि गाढवपणाही सरळसोटच केलायस."

सगळे हसले. नुबिया हसली नाही.

"नियम मला शिकवू नका, मीच लिहिलाय," झुल्माबाई म्हणाली. "आधी माती काय म्हणते ते ऐकू. तीन डबे आणा."

तळ काढलेले पत्र्याचे तीन डबे. एक माझ्या शेतात ठोकला, कुंपणालगत, एक माझ्या त्या चार पट्ट्यांत, आणि एक त्याच्यापुढं, नुबियाच्या न नांगरलेल्या जमिनीत. प्रत्येकात लिटरभर पाणी ओतायचं आणि जिरायला किती वेळ लागतो ते बघायचं. घड्याळ बघायची आमच्याकडे पद्धत नाही, पण येरबा प्यायचा सुका, पोकळ भोपळा होता. तो एका हातातून दुसऱ्या हातात फिरतो, प्रत्येक जण नळीनं ओढून रिकामा करतो, मग पुढच्यासाठी पाणी. वेळ मोजायला आम्हाला तेवढं पुरतं.

झुल्माबाईनं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "तू ओत. म्हणजे नंतर कुरकूर नको."

पहिला डबा माझ्या शेतातला. ओतलं. भोपळा निघाला, फिरला, सगळ्यांचं झालं, परत पहिल्याकडे आला. पाणी जिथल्या तिथं. त्यात माझं तोंड दिसत होतं. दुसरी फेरीही संपली तेव्हा कुठं तळाची माती दिसायला लागली. "तुझ्या शेतावर बदकं पाळ," एक जण म्हणाला.

दुसरा डबा पट्ट्यांतला. बुधवारच्या पावसानं माझ्या सुरेख नांगरटीवर खपली धरली होती. एक फेरी लागली, पूर्ण.

तिसऱ्या डब्यापाशी नुबिया आली नाही. ती लांब उभी राहिली, दोन्ही हात एप्रनच्या खिशात कोंबून. एल्बिओ तिच्या शेजारी. मी गुडघे टेकले. झुल्माबाईनं भोपळा तोंडाला लावला आणि मी ओतलं.

मी बाटलीचं झाकण लावून मान वर केली, पुन्हा खाली बघितलं. डबा रिकामा. मला वाटलं बाजूनं गळालं. बोटानं चाचपलं, कडेला कोरडं होतं. मातीनं पाणी तहानलेल्या वासरासारखं पिऊन टाकलं होतं.

झुल्माबाईच्या तोंडात अजून नळी होती. तिनं ती काढली. "अजून ओत," ती म्हणाली. मी दुसरा लिटर ओतला. तोही गेला. तिसराही गेला. त्या बाईनं भोपळा खाली ठेवला, हातांनी माती उकरली, आणि ओंजळभर काळी, भुसभुशीत, गांडुळांनी वळवळणारी माती वर धरली. त्याच 'विटे'तली.

मला राहवलं नाही. मी उठलो आणि अख्ख्या गटाच्या तोंडावर ओरडलो, "ही माझी बहीण आहे! सख्खी बहीण! हे तिनं केलंय!" जणू काही मी तिला सहा वर्षं मदतच करत होतो. पण अभिमानानं माझी छाती फुटायची वेळ आली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याची मला लाज वाटली नाही. नुबिया पळत आली आणि माझ्या पाठीत एक गुद्दा घातला, जोरात, मग गळ्यात पडली.

"ते चार पट्टे वर्षभर बाहेर, बाकी सगळं आत," झुल्माबाईनं निकाल दिला. "आणि पट्टे तसेच राहू देत गं. पुढच्या वर्षी नव्या लोकांना घेऊन येते दाखवायला. वाल्देमारचे पट्टे म्हणून."

या गलक्यात एल्बिओ कुठं दिसेना. तो गाडीशी उभा होता, आमच्याकडे पाठ करून, फोन कानाला लावून. मी जवळ गेलो तेव्हा त्याचं बोलणं ऐकू आलं.

"नाही, मोन्तेविदेओला येत नाही आम्ही," तो भावाला सांगत होता. "नाही, कुणी आजारी नाही. पाणी जिरलं. अरे, तीन लिटर! डोळ्यांसमोर! माझ्या बायकोच्या जमिनीत!"

आणि मग एल्बिओ, ज्याची दिवसाची दहा वाक्यं मोजून घ्यावीत, तो पहिल्या डब्यापासून सगळी हकीकत सांगायला लागला, हातवारे करून, आणि थांबेचना.