दगूबाईंनी घालून पाहिलेला मास्क

आमच्या दगूबाई सकाळी मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडतात आणि दुपारपासून माझ्या रुचिकाला सांभाळतात. घरात शिरल्या की आधी मोरीत. हातपाय धुऊन लुगडं बदलल्याशिवाय पोरीला शिवत नाहीत, कारण मिरचीच्या धुळीनेच तिला धाप लागते.

या हिवाळ्यात डॉक्टरांनी तिला मशीनमधून औषधाची वाफ द्यायला सांगितली. पण मास्क तोंडाजवळ नेला की रुचिका हातपाय झाडायची, अर्धं औषध हवेत जायचं. असंच चाललं तर तिला दवाखान्यात ठेवावं लागेल, या विचाराने माझा जीव टांगणीला लागलेला. त्यात जंतूंची धास्ती. म्हणून मी मास्क सकाळ-संध्याकाळ खळखळ उकळायचे.

“ताई, तुमना घरमा पाव्हनाबी उकाळीसनच लेतस का?” दगूबाई विचारायच्या.

काल रुचिकाने अट घातली, “पहिले तू घाल.”

दगूबाईंनी पदर खोचला, मास्क नाकावर चढवला आणि म्हशीसारख्या हंबरल्या. रुचिका हसून हसून लोळली. पण मास्क काढून दगूबाई गाल चोळत बसल्या.

“पोरनी काय चूक, ताई? हाई ते गालले टोचस. कडक व्हई जायेल शे.”

मी काठ दाबून पाहिला. नवा होता तेव्हा हा मास्क सहज दुमडायचा, आरपार दिसायचा. आता तो टणक आणि दुधाळ झाला होता.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “अहो, कारखान्यातसुद्धा हे प्लास्टिक वाफेत घालत नाहीत, वायूने निर्जंतुक करतात. त्यात मऊ ठेवणारं द्रव्य असतं, ते उकळून उकळून निघून जातं. नवा घ्या. कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, नीट खळबळून वाळवा. बस.”

संध्याकाळी नवा मास्क आणला. दगूबाईंनी तो आधी स्वतःच्या गालाला टेकवला, मग धुऊन, वाळवून रुचिकाला लावला. रुचिकाने एकदा डोळे मिचकावले आणि गप्प बसून राहिली. औषध संपलं, मशीन बंद झालं, तरी मास्क काढू देईना. स्वतःच हंबरत घरभर फिरली.

दगूबाई ताट घेऊन तिच्या मागे. “काढ वं माय. तोंड झाकेल शे, आते भाकर कथाईन खाशी?”