पाखरांना शिकवलेलं अर्थशास्त्र

मी आता येडगाव धरणाच्या बाजूला राहते. इथं द्राक्षाच्या बागा. मण्यांत साखर भरायला लागली की उजाडता उजाडता बार सुरू होतात. पाइपाची बंदूक करून त्यात कार्बाइड घालतात आणि उडवतात, पाखरं हाकायला. माझी झोप अर्धी उतरलेली असते. बाराचा आवाज धरणाच्या पाण्यावरून लोळत लांब जातो आणि त्याच्या मागोमाग मी अंथरुणातूनच आणे गावच्या पठारावर जाऊन पोचते. आमच्या ज्वारीच्या वावरात, माळ्यावर.

माळा म्हणजे मेढी रोवून वर फळ्या टाकलेली बसायची जागा, कणसांच्या वर डोकं निघेल एवढी उंच. थंडीत सकाळी तिथं बसलं की खाली धुकं आणि धुक्यावर नुसती कणसं दिसायची. वावर कुठं संपतं ते कळायचं नाही. आपण कुठंतरी तरंगतोय असं वाटायचं. मग त्या पांढऱ्यात एक काळसर डाग हलायचा, वळायचा, कुणी ओलं धोतर झटकावं तसा पसरायचा. भोरड्या. गुलाबी पाठीच्या, काळ्या डोक्याच्या, दिसायला देखण्या. ज्वारी दुधात आली की त्यांना कोण निरोप देतं देव जाणे. थवा एकदा उतरला की कणसाचं दाणे गेलेलं नुसतं बोंडूक राहतं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील, म्हणजे आमचे दादा, चौथीपर्यंत गेले, आई शाळेत गेलीच नाही. हे मी कुठंही सांगते, आवाज न उतरवता. आणि माझं अर्धं बी.ए. त्या माळ्यावर झालंय, तेही सांगते. दादा दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर, टोमॅटो घेऊन अंधारातच निघायचे. आई कांदालागणीच्या टोळीत. मग कॉलेजला जायच्या आधी आणि आल्यावर राखण माझ्याकडं.

पहिल्यांदा मी डबा वाजवला. भोरड्या उठल्या. दुसऱ्या दिवशी उठल्या, पण शेजारच्याच ओळीत बसल्या. मग गोफण घेतली, ती मला साधली नाही; एक खडा माझ्याच पाठीत बसला. मग नुसतं हुर्र्र ह्याऽऽ करत राहिले. त्यालाही त्या सरावल्या. एका सकाळी परीक्षेच्या काळजीनं पुस्तक बरोबर नेलं आणि हुर्र्रच्या ऐवजी धडाच ओरडून म्हणायला लागले. "उपभोक्ता म्हणजे कोऽऽण?" सगळा थवा उठला. धड्याचा सूर कुठं चढतो, कुठं पडतो, आठवलं नाही की मधेच तुटतो आणि आठवलं की एकदम फुटतो. भोरड्यांना अंदाजच येईना. त्या थेट बांध ओलांडून गेल्या.

बांधापलीकडं नानांचं वावर. म्हातारे, गोफणीत पटाईत आणि जिभेनंही. ते तिकडून ओरडले, "ए बाय! तुझं शिक्षान तिकडंच ठेव! ती पाखरं शिकून माझ्याकडं नोकरीला आली!"

"मग तुमी बी म्हणा की नाना!"

"काय म्हणू? मला घंटा येतंय व्हय?"

पण ते ऐकायचे. एखाद्या सकाळी मी गप्प असले तर तिकडून हाक यायची, "काल ती मागणी वाढली व्हती, तिचं फुडं काय झालं गं?"

घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत मी असाच पाठ केला. एकच वस्तू सारखी मिळत गेली की प्रत्येक पुढच्या नगाचं समाधान कमी होत जातं. पुस्तकात उदाहरण सफरचंदाचं होतं. आमच्याकडं सफरचंद म्हणजे ताप आलेल्या माणसाला नेऊन द्यायचं फळ. मी भाकरी घातली. पहिल्या भाकरीची चव, दुसरीची, तिसरीची, चौथीला नको म्हणणं. ते सगळं मी पठारभर ओरडले आहे.

दुसऱ्या वर्षाचे पेपर आले ते नेमके ज्वारी ऐन दुधात असताना. अर्थशास्त्राच्या पेपरला जुन्नरला जायचं तर पहिली गाडी धरायची आणि यायचं दिवस कलल्यावर. दोन्ही वेळा पाखरांच्या. एक दिवस वावर मोकळं सोडलं तर वर्षाची भाकरी गेली, आणि पेपर सोडला तर माझं वर्ष गेलं. जेवताना सगळ्यांच्या मनात तेच होतं.

दादांनी बाजारातून भोंगा आणला. बॅटरीवरचा, कार्ड घातलं की आपोआप ओरडणारा. "तू जा पेपरला," म्हणाले, "ह्यो बसंल राखण." पेपरच्या आधीच लावून बघितला. ससाण्याची किंकाळी झाली, बंदुकीचा बार झाला, कुत्रं भुंकलं. थवा उठून पार डोंगराकडं गेला. दादा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. तेवढ्यात भोंग्यातून बिबट्या गुरगुरला.

विकणाऱ्यानं हौसेनं घातला असेल. पण हा जुन्नर तालुका, इथं खरे बिबटे उसात फिरतात. वाटेनं कांद्याला चाललेली आईची अख्खी टोळी पाटीखुरपी टाकून पळाली. गावातून पोरं काठ्या घेऊन आली. नाना बांधावरच्या बाभळीवर चढून बसले होते, आणि ते उतरताना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यातलं एवढंच सांगते: "आरं राव, पाखरं हाकायची का मानसं?"

बिबट्या कार्डातून काढला. ससाणा ठेवला. तो ठरल्या वेळी, ठरल्या सुरात ओरडायचा, आणि दोन-तीन दिवसांत भोरड्यांना त्याचं काही वाटेनासं झालं. एक तर भोंग्याच्या तोंडावर बसून पंख साफ करत होती. पहिली किंकाळी, दुसरी, तिसरी. मी माळ्यावरून बघत होते आणि माझाच धडा माझ्यासमोर पंख साफ करत होता.

पेपरच्या आदल्या संध्याकाळी मी दादांना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पुढच्या टायमाला देते."

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मी बसते."

आम्ही दोघांनी तिच्याकडं बघितलं. माझ्या आईचा आवाज असा, की चुलीपाशी बोललेलं दारात ऐकू यायचं नाही. रस्त्यानं चाललेल्या बाईला थांबवायचं तरी ती मला हाक मारायला लावायची.

"तुला वरडाया येनार हाय का?" दादा म्हणाले.

"बघू." तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली. "तू जा गं. पेपर लिवून ये."

पेपरात तो सिद्धांत आला. मी सफरचंद लिहिलं नाही, भाकरीही नाही. भोंगा लिहिला, भोरड्या लिहिल्या. पुरवणी घेतली. वर्गावरच्या बाई माझ्या बाकापाशी थांबून वाचत होत्या तरी माझा हात थांबला नाही. पण खिडकीबाहेर एखादा पक्षी हलला की मान तिकडं वळायची.

परतीच्या गाडीत डोळा लागला. स्वप्नात आमचं वावर होतं, कणसं होती, आणि आवाज कशाचाच नव्हता. फाट्यावर उतरले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. वाट अर्धी झाली आणि वाऱ्यावर एक आवाज आला. जाड, फाटका, चिरत वर जाणारा. मला वाटलं नानांनी कुणी पाहुणी आणून बसवलीय. मग शब्द कानावर आले.

"उपभोक्ता म्हंजी कोऽऽन? उपभोक्ता म्हंजी खानारा! उऽऽठ खानाऱ्या! पहिल्या भाकरीला चव लईऽऽ! दुसरीला कमीऽऽ! तिसरी कुनी मागू नगा, तिसरी माझ्या लेकीचीऽऽ!"

मी वाटेवरच उभी राहिले. ज्वारी सोन्यासारखी हलत होती, तिच्या वर, माळ्यावर आई उभी होती, पदर खोचलेला, हात पसरलेले. थवा उठत होता, वळत होता, त्याच्या सावल्या तिच्या अंगावरून जात होत्या. ती मला लांबची वाटली, मी जन्माला यायच्याही आधीची कुणीतरी. ती रोज संध्याकाळी वावराकडेच्या घरात, चुलीपाशी बसून हे ऐकत होती. मला वाटायचं, ती नुसती भाकरी करतेय.

पलीकडून नाना ओरडले, "वयनी, तुमी पोरीपरीस बरं शिकवता!"

वावरातल्या कडुलिंबाजवळचा एक कोपरा पाखरांनी खाल्ला होता. बाकी ज्वारी उभी होती. मी माळ्याखाली गेले तेव्हा तिनं वाकून काहीतरी विचारलं. ओठ हलले, आवाज निघेना; सगळा संपला होता. पण मला कळलं.

"तेच आलं होतं," मी म्हणाले. "आणि मी सगळं लिहिलं."

तिनं मान हलवली. मग हात धरून मला वर ओढून घेतलं आणि लिंबाच्या कोपऱ्याकडं बोट केलं. थवा परत उतरत होता. तिचा आवाज गेला होता, माझा शिल्लक होता. मी श्वास भरून घेतला.