बाबागाडीला किती लावायचे

माझ्यासारख्याने काही लिहावे, हा आगाऊपणाच आहे. आमच्या घरात गावच्या शाळेच्या पुढे शिकलेला मीच पहिला, आणि अजून पदवीही हातात नाही. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांना हे वाचता येणार नाही, याचाही संकोच वाटतो. तरी लिहितो. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

आमचे गाव हिर्डोशी. थोरली बहीण, आक्का, वेल्ह्याकडे राजगडाखालच्या पालीत दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. आमच्याकडे लेक बाळाला घेऊन सासरी निघाली की माहेरचा पाळणा बरोबर जातो. मामाने तो डोक्यावरून न्यायचा. सासरच्या आयाबाया दारात जमून पाळणा बघतात आणि सुनेच्या माहेराला तिची किती किंमत आहे ते त्यावरून ठरवतात. एकदा ठरले की ते लवकर बदलत नाही.

वडिलांनी, आबांनी, घरी खायला राखलेला आंबेमोहोर तांदूळ भोरच्या बाजारात विकला आणि सगळे पैसे माझ्याकडे दिले. मी तेव्हा पुण्याला कॉलेजात नुकताच गेलो होतो. "किती लावायचं ते तूच बघ," ते म्हणाले, "तुला आमच्यापरीस जास्त कळतं." भोरच्या सुताराकडे रंगीत लाकडी पाळणा निम्म्या पैशांत होत होता. उरलेल्यात आक्काच्या सासूला लुगडे घ्यावे, असे आईच्या मनात होते.

पुण्यात संध्याकाळी फिरायला निघालेल्या बायका मी पाहिल्या होत्या. त्यांची बाळे बाबागाडीत असत. वर कापडी छत, आत पांढरे दुपटे. बायकांच्या कडेवर काही नसे, डोक्यावर काही नसे. एका हाताने गाडी ढकलत त्या गप्पा मारत जात. आक्का दिवस भरत आले तरी नाचणीच्या शेतात वाकलेली मी पाहिली होती. तिच्याही लेकराला अशी गाडी मिळावी, असे मला मनापासून वाटले. ती घेऊन गावात उतरलो की लोक माझ्याकडे बघतील, हेही वाटले. दोन्हींतले कोणते जास्त होते, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

जुन्या बाजारात एक वापरलेली बाबागाडी मिळाली. दुकानदाराने चाळीस रुपये सांगितले. बरोबर कॉलेजातला मित्र होता, म्हणून घासाघीस करायला मी लाजलो. आबांचे सगळे पैसे त्यात गेले. लुगडे राहिले.

आक्काला पोचवायला निघालो तेव्हा नसरापूरला एस.टी.तून उतरून पुढची वाट धरली. गाडी पहिल्याच दगडधोंड्यात अडली. मग मी ती उलटी करून डोक्यावर घेतली, चाके आभाळाकडे. आक्का बाळाला पोटाशी धरून मागून येत होती. सासूबाईंना काही घेतलंय का, असे तिने वाटेत एकदा विचारले. मी नाही म्हणालो.

पालीत तिच्या सासूने घर सारवून ठेवले होते आणि पाळण्यासाठी तुळईला दोर बांधला होता. दारात बायका जमल्या. मी गाडी खाली ठेवली. अंगण उताराचे, त्यामुळे ती आपली आपणच गोठ्याकडे निघाली. मी धावत जाऊन धरली. उंबरा इतका उंच की ती आत जाईना. एक म्हातारी म्हणाली, "मामानं गाडी दिली. आता बैल कवा देणार इचारा." सगळ्या हसल्या, मीही हसलो. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी वर दोराकडे पाहिले. "शिकल्याली मान्सं हायती," त्या म्हणाल्या, "आमाला काय कळतंय त्यातलं." मग त्याच दोराला जुन्या लुगड्याची झोळी बांधून त्यांनी नातवाला निजवले.

मी परत निघालो तेव्हा आक्का ओढ्यापर्यंत आली.

"किती पडलं?"

मी खरे ते सांगितले.

"आबांना सांग, समद्यांना आवडली. आईला बी तसंच सांग. हितलं म्या बघते."

मी तसेच सांगितले. त्या पावसाळ्यात घरी भाताऐवजी नाचणीच चालू होती, आणि आबा येईल त्याला ऐकवत होते की नातवाला पुण्याची गाडी हाय. मी घरी असलो की अशा वेळी काहीतरी निमित्त काढून बाहेर जाई. पुढे दिवाळीला दाजी आले. आबांनी गाडीचे विचारल्यावर ते म्हणाले, "लई उपेग हाय तिचा. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवलीया तिच्यात." आबा थट्टा समजून हसले. नंतर गोठ्यामागे बिडी ओढताना दाजींनी मला हळूच सांगितले, की जरा कुठे खटका उडाला की त्यांची आई आक्काला बोलून दाखवते, माहेरनं दोर रिकामाच ठेवला म्हणून.

आक्काला पुन्हा दिवस गेल्याचे कळले, तेव्हा मी शिकवणी धरून पाळण्यापुरते पैसे साठवायचे ठरवले. ठरवले, पण कधी पुस्तके आली, कधी फी आली.

यंदा परीक्षेनंतर पालीचा एक माणूस बाजाराला पुण्यात आला होता, तो माझ्या खोलीवर आला. आक्काला मुलगी झाली, बारसंही उरकलं, असे त्याने सांगितले. तुमची परीक्षा होती म्हणून माहेरी कुणाला कळवू नका, असे तिनेच सासरच्यांना सांगितले होते. रानातला हिरडा गोळा करून विकायला ती दोन उन्हाळे कशी हिंडत होती, तेही तो कौतुकाने सांगत होता. मग चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला, "पाळना मातूर झ्याक धाडला तुमी. भोरच्या सुताराकडनं आबांनी करून घेतला म्हनं. सासू आता ज्याला त्याला बलवून दावती."

आमच्या घरून पाळणा गेलाच नव्हता.